बदलापूरचा पेंढा आणि उल्हासनगरचे कपाट

वाचकहो, कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल धरली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक येतात. खिडकीतून पाहणाऱ्याला हे सारे एकच लांबलचक शहर वाटते. पण आज तुम्हांला या गावांतून आगगाडीने न्यायचे नाही. आपण जाऊ या ट्रॅक्टरवर बसून, मागे दोन चाकांची ट्रॉली जोडून, बदलापूरकडून उल्हासनगरकडे. वाट थोडकी आहे. बदलापूर ते अंबरनाथ सात-आठ किलोमीटर, आणि पुढे उल्हासनगर तर अंबरनाथला चिकटूनच. एवढ्या वाटेवर शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

बदलापूर हे नाव कसे पडले, ते इथली जुनी माणसे सांगतात. कोकणातून घाटावर जाणारे स्वार इथे थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून बदलापूर. गोष्ट खरी असो वा रचलेली, गाव उल्हास नदीच्या काठी आणि वाटेवर आहे खरे. नदी एरवी शांत, पण पावसाळ्यात तिचा भरवसा नाही. २७ जुलै २०१९ रोजी हिच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती आणि प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले होते. आज शहर चहूकडे पसरले, तरी आसपासच्या पाड्यांवर भातशेती आहे. भात झोडून झाले, की पेंढ्याच्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात.

अशी एक ट्रॉली मागून नीट पाहा. पेंढा हलका, म्हणून भारे उंच रचतात. पुढे ट्रॅक्टरची मोठी चाके असल्यामुळे पुढच्या बाजूला भारे बाहेर काढता येत नाहीत. मग सारा वाढावा मागे जातो. फळीच्या बाहेर हात-दोन हात पेंढा लोंबतो. बैलगाडी हाकलेला म्हातारा हे पाहील, तर चटकन म्हणेल, “अरे, गाडी उलाळ झाली!”

उलाळ म्हणजे काय, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गाडीचे ओझे कण्याच्या मागे गेले, की दांडी वर उचलते, जू मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याचा पट्टा बैलांना आवळतो. उलट ओझे फार पुढे घेतले, तर जू मानेत रुतते आणि चढावर बैल गुडघे टेकतात. म्हणून जाणता गाडीवान माल भरून झाल्यावर दांडी हाताने उचलून पाही. थोडी जड लागली पाहिजे, पण एका माणसाला उचलली पाहिजे. मग दोन पोती पुढे, नाहीतर मागे सरकवून तो बैल जुंपी.

विलायतेत लोक मोटारीमागे चाकांवरचे छोटे घर ओढत सहलीला जातात. त्याला कॅराव्हॅन म्हणतात. मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर या घराची दांडी बसते. त्या गोळ्यावर किती भार यावा, याचा तिकडे फार काटेकोर विचार करतात. ब्रिटनमध्ये घराच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के, ऑस्ट्रेलियात साधारण दहा टक्के असा अंदाज धरतात. भार कमी पडला, तर घर शेपटीसारखे डावी-उजवीकडे झुलू लागते आणि मोटारीलाही ओढून नेते. जास्त झाला, तर मोटारीची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकत नाही. आपल्या गाडीवानाचेच हे शास्त्र. फरक एवढाच, की बैल मान हलवून तक्रार करी. लोखंडाची हूक मुकाट राहते. म्हणून तिचा भार मोजावा लागतो.

हिशेब अवघड नाही. समजा, ट्रॉलीसकट ओझे ३,००० किलो आहे आणि हूकपासून चाकांच्या कण्यापर्यंतचे अंतर ४ मीटर. साऱ्या ओझ्याचा मध्य कण्याच्या पुढे ४० सेंटिमीटर असेल, तर हूकवर ३०० किलो येतात, म्हणजे दहावा भाग. तोच मध्य कण्याच्या मागे ४० सेंटिमीटर गेला, तर तेच ३०० किलो हूकला वर उचलतात. मागची चाके हलकी होऊन मातीत नुसती फिरतात, आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागली, की ब्रेकचीही पकड राहत नाही.

आता ओझे जास्त पुढे घेतले तर? हूक मागच्या चाकांच्या कण्यामागे ६० सेंटिमीटर आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या कण्यांतले अंतर १ मीटर ९० धरा. हूकवरच्या ३०० किलोंनी पुढच्या चाकांवरचे सुमारे ९५ किलो कमी होतात. तिप्पट भार आला, तर तिप्पट कमी होतात. त्यात चढ लागला, की ट्रॅक्टर तोंड उचलतो. ट्रॉली मागच्या कण्यापेक्षा उंच जागी अडकवली असेल, तर तो पाठीवर उलटायलाही वेळ लागत नाही. ट्रॉली ओढायची ती ट्रॅक्टरच्या खालच्या हूकनेच.

बदलापूर सोडून अंबरनाथकडे निघालो, की डाव्या हाताला मलंगगडाचा कडा सोबत करतो. अंबरनाथ म्हणजे कारखान्यांचे गाव. पण या धुराड्यांच्या गावात वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांचे शिवमंदिर उभे आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० साल आहे. गाभारा सभामंडपाच्या पातळीहून खाली, पायऱ्या उतरून जावे लागते. दर्शन चुकवू नका. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे पाहायला मात्र वेळ काढून या.

कारखाने आले तिथे वजनकाटेही आले. काट्यावर आधी नुसता ट्रॅक्टर चढवून वजन घ्या. मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर काट्यावर आणि ट्रॉलीची चाके काट्याबाहेर, सपाट जमिनीवर, अशी उभी करा. दुसऱ्या वजनातून पहिले वजा केले, की राहील तो हूकवरचा भार. मग ट्रॅक्टरबरोबर आलेले पुस्तक उघडा. हूक किती सोसते, मागचा कणा आणि टायर किती सोसतात, ते त्यात पाहा. ट्रॉलीच्या दांडीची मर्यादा ट्रॉली बांधणाऱ्याला विचारा. यांतला जो आकडा आधी संपतो, तीच तुमची हद्द. ट्रॅक्टरची ताकद किती अश्वशक्तीची, याचा इथे काही उपयोग नाही. ओढता येते म्हणून पेलता येतेच असे नाही.

पाण्याच्या टँकरचे आणखी निराळे. दोन चाकांचा टँकर अर्धा भरला असेल, तर चढावर पाणी मागे धावते आणि हूक नेमकी तेव्हाच हलकी होते. न्यायचा तर पूर्ण भरून न्यावा.

आणि हे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी इथे नव्या गावाची कोनशिला बसली. अजूनही लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’च सांगतात. रिकाम्या हातांनी आलेल्यांनी इथे जीन्सच्या शिलाईपासून फर्निचरपर्यंत धंदे उभे केले. आसपासच्या खेड्यांतून लग्नाचे कपाट-पलंग घ्यायला लोक इथे येतात.

खरा घोटाळा या परतीच्या वाटेवर होतो. कपाटे चढवायला सोपी म्हणून मागच्या फळीजवळ ठेवतात आणि पुढे घरची मंडळी बसतात. मंडळी बसलेली असेपर्यंत तोल कसाबसा राहतो. दारात आल्यावर सगळे उतरतात, कोणी तरी हूकची पिन ओढतो, आणि दांडी ताडकन वर उडते. समोर वाकलेल्या माणसाची हनुवटी तिथेच असते.

तेव्हा कपाट कण्यावर, किंचित पुढे, दोराने आवळून बांधा. लहानसहान सामान मागे. रिकामे करताना मागचे आधी उतरवा, ट्रॉलीखाली पुढे-मागे टेकू द्या, चाकांना दगड लावा आणि मगच पिन काढा. मंडळींना ट्रॉलीत बसवू नका, ते कायद्यालाही मान्य नाही. उल्हासनगर स्थानकावरून बदलापूरची लोकल मिळते. नवरीची आई त्यातून आली, तर कपाटाच्या आधी घरी पोहोचेल आणि चहाही टाकून ठेवील.