अजून एकच घास

परवा शाळेत मुलांची वजनं-उंच्या मोजल्या. मी त्याच शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून माझ्या मनूचा कागद आधी माझ्याच हातात पडला. आठ वर्षांची पोर, आणि शेरा काय, तर ‘उंचीच्या मानाने वजन जास्त’! मला खरंच वाटेना. हीच मनू जन्मली तेव्हा जेमतेम सव्वादोन किलोंची होती हो!

त्या दिवसापासून मी एकच ध्यास घेतला होता, पोरीला बाळसं आणायचं. मदतीला माझी आई होतीच. वरणभातावर तुपाची धार, दुधात दोन चमचे साखर, मधल्या वेळेला बिस्किटं. मनूने तोंड फिरवलं तरी चिऊ-काऊ दाखवून अजून एक घास कोंबायचा. पुढे शेजारणी म्हणायला लागल्या, ‘आता कशी गुटगुटीत दिसते!’ तेव्हा माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं.

कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, “घरात कुणाला मधुमेह?”

“आईला आहे. अडतिसाव्या वर्षापासून. पण ती तर पहिल्यापासून काडीसारखी!”

“तेच तर,” म्हणत त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. पण गंमत अशी, की आपली बाळं स्नायूंनी कमी भरली, तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला रोडकी, आतून चरबीची!

पोटात पोषण तुटपुंजं मिळालं, की बाळ आधी मेंदू सांभाळतं आणि बाकी ठिकाणी काटकसर करतं. महिनाअखेरीला आपण करतो तशीच! स्नायू कमी, म्हणून साखर खर्चणाराही कमी. त्यात पुढे खाणं भरपूर झालं, की चरबी वाढते आणि इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. पुण्यातच आठ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली होती. जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी अंगात चरबी जास्त, अशा मुलांत हा दोष सर्वांत जास्त आढळला. आठवं वर्ष ऐकून माझ्या पोटात धस्स झालं.

घरी आले आणि आजीने सांगितलेलं आठवलं. १९७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मिलोची भाकरी, कधी सुकडी. तेव्हा तिच्या पोटात माझी आई होती. आईचा मधुमेह त्या दुष्काळानेच आला, असं छातीठोकपणे कोण सांगणार? पण मनात आल्यावाचून राहिलं नाही.

आईला सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या आईचं चुकलं?”

“नाही गं. तिने होतं ते सगळं तुला दिलं.”

खरं तर दुष्काळ नसताना चुकले ती मी. मनूच्या वेळी शाळेच्या घाईत चहा-बिस्किटांवर दिवस काढले. त्या खेड्यांतल्या ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त घेत, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही महत्त्वाची. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ते दूध-दह्यातूनच मिळतं. तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या लेकी-सुनांनी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही रीत आधी मोडा. दिवस राहिल्यावर गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मनूला उपाशी ठेवायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं. दुधातली साखर बंद, बिस्किटांऐवजी फळ किंवा मूठभर चणे-शेंगदाणे, आणि संध्याकाळी अंगणात तासभर खेळ. उंची वाढेल तसं वजन बरोबर बसेल, असा त्यांनी धीर दिला.

काल रात्री जेवताना मनू म्हणाली, “आजी, पुरे.” आईचा भाताचा चमचा तिच्या ताटावर थांबला. मी श्वास रोखून पाहत होते. सवयच ती, अशी सहज थोडीच जाते!

आईने चमचा परत पातेल्यात ठेवला, झाकण घातलं आणि म्हणाली, “असू दे. उद्याही आहे.”