क्रोनोग्राफ घराण्यातले तीन भाऊ

नेमबाजाच्या सामानात रायफल मिरवते, दुर्बीण भाव खाते. पण खरं-खोटं करायची वेळ आली की सगळे क्रोनोग्राफच्या तोंडाकडे बघतात. गोळी नळीतून किती वेगानं सुटली, हे तोच सांगतो. खोक्यावर कारखान्यानं कोणताही आकडा छापलेला असो, स्वतः मोजल्याशिवाय हा बोलत नाही.

त्याच्या शब्दाला एवढं वजन का? नेमबाज स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला ज्या ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, त्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं. या प्रकारातली पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास धावते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला, की हळू गोळी साधारण ७ मिलिमीटर खाली लागते. हात कितीही स्थिर असो, वर्तुळाच्या व्यासाचा दोन-तृतीयांश भाग काडतुसानंच खाल्ला! हा चोर क्रोनोग्राफ आधी पकडून देतो, म्हणून या घराण्याचे नखरे सोसायचे.

थोरला भाऊ प्रकाशावर जगतो. ठरावीक अंतरावरच्या दोन डोळ्यांवरून गोळीची सावली सरकली, की मधला वेळ मोजून वेग सांगतो. ढगाळ हवेत त्याची कळी खुलते. कडक ऊन पडलं की डोक्यावर पांढरे पडदे लागतात, आणि बंद रेंजमधल्या ट्यूबलाइटशी तर त्याचं उभं वैर. शिवाय तो बसतो नळीपुढे दहा-पंधरा फुटांवर, थेट गोळीच्या वाटेत. त्याला जरा सरकवायचं तरी सगळ्या रेंजचा गोळीबार थांबवावा लागतो, आणि नेम थोडा खाली गेला की त्याच्या पडद्याच्या काड्या उडतात. पण स्वस्त आहे आणि कष्टाळू आहे. टेक्सासच्या ओहलर कंपनीचं ३५ पी मॉडेल तर तीन डोळे लावून एकच गोळी दोनदा मोजतं. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर तसं स्पष्ट सांगतं.

मधला मॅग्नेटोस्पीड. हा चुंबकीय पट्टी होऊन नळीच्या तोंडाखाली पट्ट्यानं आवळून बसतो. ऊन, सावली, तिन्हीसांज, त्याला सगळं सारखंच. खोड एकच, अंगाला बिलगायची. त्याच्या वजनानं नळीची थरथर बदलते आणि गोळी भलतीकडे लागते. म्हणून वेग मोजायचा तेव्हा लक्ष्याकडे बघायचं नाही, आणि लक्ष्यावर नेम जोखायचा तेव्हा याला उतरवायचं. काडतुसं दुप्पट जळतात.

धाकटा रडारवाला, घरातला लाडका. रायफलीला हात न लावता शेजारी बसतो. त्यातला लॅबरडार अंगानं रुंद, रंगानं नारिंगी आणि कानाचा तिखट. बाराचा आवाज ऐकून जागा होतो, त्यामुळे कधी शेजाऱ्याच्या बारालाही दचकतो. पण सुटलेल्या गोळीचा पुढपर्यंत पाठलाग करून तिचा वेग कसा घटत गेला, तेही सांगतो. २०२३ मध्ये गार्मिनचा झीरो सी-१ प्रो आला. तळहातावर मावणारा, आवाजाची वाट न बघणारा, आकडे थेट मोबाइलवर पाठवणारा. किंमत मात्र तेव्हा ६०० डॉलर होती.

तिघांची एक सवय सारखी. तीन गोळ्यांवर विचारलंत, तर ते गोड बोलतात. वेगातला फरक अगदी किरकोळ दिसतो. दहा-वीस गोळ्या झाडा, मग काडतुसाचं खरं रूप बाहेर येतं. सरासरीवर भाळू नका, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू गोळीतलं अंतर बघा.

खिसा बेताचा आणि रेंज उघड्यावरची असेल, तर थोरल्याला घरी आणा. काडतुसात भरलेली दारू तेवढी जोखायची असेल, तर मधला पुरतो. पण वेग आणि लक्ष्यावरचा नेम एकाच बारात बघायचा असेल, तर थोडे दिवस पैसे साठवा आणि धाकटाच घ्या. लक्ष्यभेद करणाऱ्याला रायफलीच्या अंगाला न शिवणारा साक्षीदारच हवा.