वावर मी कसतो, पण सातबाऱ्यावर मी नव्हतो



पाच दिवसांपासून झड लागली आहे. सोयाबीनची डवरणी अडली. पराटीत पाणी साचलं होतं, ते चर काढून बाहेर काढलं, तेवढंच काम झालं. आज वावराचं लिहायला काही नाही. पण या आठवड्यात गावातल्या तीन बापांनी मला एकच गोष्ट विचारली, "भाऊ, पोराले ॲग्रीले टाकाचं हाय, काय काय लागते?" म्हणून आज पिकाचं नाही, ॲडमिशनचं लिहितो.

मी दहावी पास माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. दहावी झाल्यावर बाबांसोबत छोट्या लाइनच्या गाडीने उमरेडहून नागपूरला गेलो होतो. ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय तेव्हा बाहेरून पाहिलं. १९०६ पासूनचं कॉलेज आहे ते, आता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली येते. बाबा म्हणाले, "इथं शेती शिकवतात." मी म्हटलं, "मंग आपण घरी काय करतो?" बाबा हसले. तो विषय तिथंच संपला अन् मी वखरामागे लागलो. तेव्हा वाईटही वाटलं नाही. वाईट वाटलं ते २०२३ मध्ये, माझ्या पोराच्या वेळी.

पोरगा बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाला. सीईटी दिली, त्यातही बरे मार्क आले. त्याच्या मनात नागपूरचंच सरकारी कॉलेज होतं. उमरेडहून जवळ, घरचा डबा जाईल, फी कमी. फॉर्म भरायला बसलो तर त्यात शेतकरी असल्याचा भारांक होता. शेतकऱ्याच्या लेकराला ॲग्रीच्या प्रवेशात जादा गुण धरतात, त्यासाठी सातबारा अन् ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. मी म्हटलं, हे तर आपल्या घरचंच आहे. जन्म वावरात गेला, आपल्याला नाही तर कोणाला मिळन?

सातबारा काढला. त्यावर माझं नावच नाही.

बाबा २००९ मध्ये गेले. तेव्हा फेरफार झाला अन् मोठ्या भावाचं नाव चढलं. नावापुढे बारीक अक्षरात 'ए.कु.क.' लिहिलेलं. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. आमच्या भागात कितीतरी सातबारे असेच आहेत. घरात वाटणी तोंडी झालेली, बांध पडलेला, धुऱ्यावर दोघांचे वेगळे आंबे, पण कागदावर एकटा मोठा भाऊ. मला हे माहीत नव्हतं असं नाही. चौदा वर्षं माहीत होतं. पीक कर्जाच्या वेळी अडलं, विम्याच्या वेळी अडलं, दर वेळी म्हटलं पुढच्या वर्षी पाहू. खरं कारण वेगळं होतं. भावाला 'माझं नाव चढव' म्हणणं म्हणजे गावाच्या भाषेत हिस्सा मागणं. लोक म्हणतील, भाऊ भाऊ फाटले. त्या लाजेनं मी चौदा वर्षं गप्प बसलो.

पोरगा सातबारा हातात घेऊन म्हणाला, "बाबा, फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय शेती लिहिलं मी. पण पुरावा कुठं हाय?" मला उत्तर देता आलं नाही.

संध्याकाळी भावाकडे गेलो. पायरीवर बसून कसंबसं सांगितलं. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काहून नाई सांगतलं बे आधी? मी काय नाई म्हटलं असतं?" वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, पोराचं काम हाय, आत्ताच जा ना तलाठ्याकडं." दुसऱ्या दिवशी दादा स्वतः सोबत आला. पण फेरफाराला त्याचा वेळ लागतोच. अर्ज, बाबांचा मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र, मग नोंद घेतली की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, त्यानंतर मंडळ अधिकारी मंजूर करणार. कोणी अडवलं नाही, पैसे मागितले नाही. फक्त दिवस कमी होते. फॉर्मची तारीख निघून गेली अन् भारांक गेला.

याद्या लागल्या. सरकारी कॉलेज थोडक्या गुणांनी हुकलं. पोराला दुसऱ्या जिल्ह्यातल्या खासगी कॉलेजात सीट मिळाली. फी, होस्टेल, मेस. त्या साली मी एक गोऱ्हा अन् राखून ठेवलेली तूर विकली. पोरगा आता तिसऱ्या वर्षाला आहे, चांगला शिकतो, मला कधी एका शब्दानं बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटते.

आता ज्यांचे पोरं दहावी-बारावीत आहेत त्यांच्यासाठी, मला या धावपळीत जे समजलं ते सांगतो. सगळ्यांची वाट एक नसते. आपलं पोरगं कोणतं आहे ते पाहा, मग वाट धरा.

बारावी सायन्सवाला. बीएस्सी ॲग्री चार वर्षांची. फिजिक्स, केमिस्ट्री अन् त्यासोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स, दोन्ही ग्रुपवाल्यांना चालते. बारावीला खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीवला ४० टक्के पाहिजे, अन् एमएचटी-सीईटी द्यावीच लागते. बारावीत कितीही मार्क असो, सीईटी नाही दिली तर दार बंद. ॲग्री इंजिनिअरिंग करायचं असन तर मॅथ्स लागते. म्हणून अकरावीला पोरगं घाबरून मॅथ्स सोडत असन तर एकदा विचारून घ्या. याशिवाय देशपातळीवरच्या कोट्याच्या जागा असतात, आयसीएआरच्या. २०२३ पासून त्या सीयूईटी या परीक्षेतून भरतात. हुशार पोरांनी तीही द्यावी. फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच निघतो, तेव्हा लक्ष ठेवा.

ज्याला ढोरांचा नाद आहे. आमच्या गावात एक पोरगी आहे, गाय कशी बसली यावरून सांगते की ताप आहे. तिच्या बापाने तिला ॲग्रीच्या सीईटीला बसवलं होतं. पण पशुवैद्यकाची वाट वेगळी आहे, ती नीट परीक्षेतून जाते अन् त्यात बायोलॉजी पाहिजेच. साडेपाच वर्षांचा अभ्यास. आपल्या नागपुरातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अन् माफसू, म्हणजे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, त्याचं मुख्यालयही नागपुरात. सीईटी अन् नीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बापाला माहीत नसलं की पोरीचं वर्ष जाते.

दहावीत अडकलेला. हा माझा पुतण्या, दादाचा पोरगा. गणितात नापास झाला तेव्हा दादाने त्याला दोन दिवस जेवायलाही बोलावलं नाही. पुरवणी परीक्षेत तो निघाला. मग दहावीच्या मार्कांवर दोन वर्षांची कृषी पदविका केली, मराठी माध्यमाची. इंग्रजीची भीती गेली, प्रात्यक्षिकात तो सगळ्यांच्या पुढे. आज त्याचं कृषी केंद्र आहे. कीटकनाशक विकायच्या लायसन्सला आता शेती किंवा विज्ञान विषयाचं शिक्षण लागते, तिथं त्याची पदविकाच कामी आली. जुन्या दुकानदारांना त्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा ४८ आठवड्यांचा देसी डिप्लोमा करता येतो. माझ्या पुतण्याला ते करावं लागलं नाही. गंमत पाहा, सातबारा ज्याच्या बापाच्या नावावर होता त्याला तो लागलाच नाही. ज्याला लागला त्याच्या बापाचं नाव नव्हतं.

शाळा सुटलेला. आपल्याइकडे मिरचीच्या तोडाईत, वीटभट्टीवर, कापूस वेचाईत किती पोरंपोरींची शाळा आठवी-नववीत सुटते ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. बाहेरून दहावी-बारावीला बसता येते. दहावी झाली की पुढच्या वाटा उघडतात. 'आता काय वय राहिलं' म्हणू नका.

काम करता करता शिकणारा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथं घरी राहून शिकता येते, शेतीचेही अभ्यासक्रम आहेत. जवळचं अभ्यासकेंद्र कोणतं, यंदा कोणता अभ्यासक्रम सुरू आहे, ते आधी विचारून घ्या, मग पैसे भरा.

वाट कोणतीही असो, कागद मात्र जूनमध्ये गोळा होत नाहीत. बियाण्याची उगवण आपण पेरणीच्या आधी तपासतो, पेरल्यावर नाही. जातीच्या दाखल्याला अन् वैधतेला ओबीसीसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबाचं दाखल खारीज, कोतवाल बुक, हे शोधायला महिने जातात. पोरगं अकरावीत गेलं की वैधतेची फाइल टाका. नॉन-क्रीमीलेयर ३१ मार्चला संपते, ते पाहून काढा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आधारला जोडलेलं पोराचं बँक खातं. शिष्यवृत्ती अन् पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता महाडीबीटीवरून भरतात, तो अल्पभूधारकांच्या पोरांना आहे. तिथंही पुन्हा तुमच्या नावावर किती जमीन, हे कागदच सांगतो.

अन् पोरींचे बाप नीट वाचा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी अन् परीक्षा फी सरकार भरते. पण ॲडमिशन सरकारी फेरीतून पाहिजे. एजंट म्हणतो मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो, तिथं हे मिळत नाही.

आता सातबाऱ्याचं शेवटचं सांगतो. वारस नोंद करताना आमच्या दोघी बहिणींचीही नावं आली. कायद्यानं त्या वारसच आहेत. गावातल्या एका शहाण्यानं सल्ला दिला, "लगेच हक्कसोड घेऊन टाका, पुढं ताप नको." बहिणी आल्या, सही कुठं करायची विचारलं. दोघीही सोडायला तयार होत्या. दादा म्हणाला, "राहू दे नावं. बाबांच्या वावरात पोरींची नावं असली तर काय बिघडते?" मी काही बोललो नाही. खरं सांगतो, माझ्या मनात तेव्हा थोडं आलं होतं की घेऊन टाकावं.

लहान बहीण पवनीला आहे. जावयाचं शिवणकामाचं दुकान, त्यांच्याकडे एक गुंठाही जमीन नाही. तिची पोरगी यंदा बारावी झाली, सीईटी दिली. मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला. "दादा, फॉर्ममध्ये आईच्या नावाचा सातबारा चालते म्हणे. माझं नाव हाय ना गा त्याच्यावर?" मी सातबारा काढून तिला पाठवला. चार नावं आहेत त्याच्यावर, तिचं चौथं. फोनवर ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबाचंच नाव वाचल्यासारखं वाटलं."

माझ्या पोराला जे मिळालं नाही ते भाचीला मिळन. यादी लागायची आहे. माझी पोरगी पुढच्या वर्षी बारावीला बसते, तिची फाइल मी एका पिशवीत घालून आलमारीत ठेवली आहे, पिकाच्या पावत्यांच्या वर.

तर भाऊहो, आज रात्री जेवण झालं की एकदा सातबारा काढून पाहा. मेलेल्या माणसाचं नाव असन, एकट्या भावाचं असन, तर उद्याच तलाठ्याकडे जा. सरकारने २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीमही सुरू केली, मयताचं नाव कमी करून वारसांची नावं चढवायला. भावाशी बोलायला लाज वाटन. मला चौदा वर्षं वाटली. दादाला 'हो' म्हणायला एक रात्र पण लागली नाही.

उद्या उघाड पडली तर डवरे धरू. चक्री भुंग्याचं काय दिसते ते परवा लिहितो.