अहमदाबादच्या पोळांतून एक दिवस

पालिताण्याच्या यात्रेस निघालेले संघ अहमदाबादेस उतरतात, ते बहुधा गाडी बदलण्यापुरतेच. पुण्याच्या पेठांतून निघालेल्या बत्तीस जणांच्या एका संघाने मात्र पौष महिन्यातील एक संपूर्ण दिवस या नगरासाठी राखून ठेवला होता. शत्रुंजयाचा कारभार पाहणाऱ्या आणंदजी कल्याणजी पेढीचे हे गाव. ते पाहिल्यावाचून गिरिराजाकडे जाऊ नये, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह होता.

धर्मशाळेत नवकारसी आटोपून मंडळी साडेआठच्या सुमारास काळुपूरला पोहोचली. सुलतान अहमदशहाने 1411 मध्ये वसविलेले हे शहर 2017 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर होय. या मानाचे एक मोठे कारण म्हणजे येथील पोळ. हा शब्द ऐकताच मुलांना पुरणपोळी आठवली आणि हशा पिकला. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेली, अरुंद गल्ल्यांची वस्ती. रात्री दरवाजा बंद झाला की आतील सारी घरे जणू एका कुटुंबाची होत.

स्थानिक वाटाड्याने एका जुन्या घराच्या चौकात नेले. फरशीखाली पाण्याचे टाके होते. छपरावर पडणारे पावसाचे पाणी नळीवाटे त्यात उतरे आणि वर्षभर पुरे. पाणी गाळून, जपून वापरण्याचा संस्कार ज्या घरांत लहानपणापासून होतो, तेथील स्त्रियांना या टाक्याचे महत्त्व निराळे सांगावे लागले नाही. बाहेर चौकात एका खांबावर नक्षीदार चबुतरा उभा होता आणि त्यावर कबुतरे दाणे टिपीत होती. पाखरांसाठी जागा राखूनच ही वस्ती रचलेली होती.

हाजा पटेलच्या पोळेतील शांतिनाथ देरासरात लाकडावरील कोरीव काम पाहताना मंडळी रेंगाळली. तेथून जवळच्या दुसऱ्या एका पोळेत एक लहानसे देरासर होते. बाहेरून ते घरासारखेच दिसे. आत पूजेच्या वस्त्रांतील एक वृद्ध गृहस्थ प्रक्षाळ आटोपून गाभाऱ्याची आवराआवर करीत होते. चौकशी केल्यावर कळले, की ते नदीपलीकडे राहतात आणि रोज सकाळी पूजेसाठी येथवर येतात. या गल्लीत पूर्वी सारी घरे जैनांची होती; आता तीन उरली. काही घरांना कुलपे लागली, काहींची गोदामे झाली.

“दादा, तुमच्यानंतर कोण येणार?” संघातील एका गृहिणीने विचारले.

“भगवान तो अहींज छे, बेन,” एवढेच म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

या उत्तरानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. संघातील बहुतेकांची घरेही आता पेठेत नव्हती. भुसार बाजार नाना आणि भवानी पेठांतून मार्केट यार्डात गेला, तशी कुटुंबेही एकेक करून बिबवेवाडीकडे सरकली. पेठेतील जुन्या देरासराची पूजा पुजाऱ्याच्या हाती आली होती आणि पर्युषण सोडले तर मंडपात फारसे कोणी दिसत नसे.

पुढे माणेकचौकाकडे जाताना वाटाड्याने नगरशेठ खुशालचंदांची हकीकत सांगितली. बादशहाकडून शत्रुंजयाचे फर्मान मिळविणाऱ्या शांतिदास झवेरींचे हे नातू. 1725 मध्ये हमीदखानाच्या साह्यास आलेल्या मराठा फौजा शहर लुटण्याच्या बेतात होत्या. खुशालचंदांनी पदरची मोठी रक्कम देऊन ती लूट टाळली. पुढे शहरातील व्यापाऱ्यांनी आपण होऊन लेखी ठराव केला, की मालाच्या दर शंभर रुपयांमागे चार आणे नगरशेठांच्या घराण्याला द्यावेत. लुटारू मराठे होते हे ऐकून मुलांनी वडिलांकडे पाहिले. “हिशेब खरा लिहावा, आपल्या बाजूचा असला तरी,” बाबूजी म्हणाले. संघातील हे सर्वांत वयोवृद्ध कापड व्यापारी. शेठांच्या दानापेक्षा त्यांना त्या चार आण्यांचे मोल अधिक वाटले. एकाने गावासाठी उचललेला भार साऱ्या बाजाराने आपला मानला होता.

सकाळच्या फेरीत हरकुंवर शेठाणींची हवेली बाहेरून पाहिली होती. दुपारी भोजनानंतर दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंगांच्या वाडीत त्यांचेच काम समोर आले. शेठ हठीसिंग केसरीसिंहांनी हे जिनालय आरंभिले, परंतु ते पुरे होण्याआधीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने खचून न जाता काम पुढे चालविले आणि 1848 मध्ये पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ प्रभू येथे विराजमान झाले. सुमारे 10 लाख रुपये त्या काळी खर्चिले गेले. शुभ्र संगमरवरी मंडप, त्याभोवती 52 देवकुलिका आणि दगडाला मेणासारखे वळण देणारे सलाटांचे हात, हे सारे पाहताना संघातील तरुण सुना शेठाणींविषयीच अधिक बोलत होत्या. पतीने आरंभिलेले पुरे करणारी ही स्त्री पेढी आणि बांधकाम दोन्ही कशी सांभाळत असेल, याचे त्यांना कुतूहल होते.

सूर्यास्तापूर्वी चौविहारासाठी मंडळी धर्मशाळेत परतली. प्रतिक्रमणानंतर सहसा दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाच्या सूचना होत. त्या रात्री बाबूजींनी खिशातून वही काढली आणि पेठेतील देरासराचा विषय काढला. महिन्याचे तीस दिवस, संघात अकरा कुटुंबे. प्रत्येक घराने आपले दिवस नेमून घ्यावेत आणि त्या दिवशी घरातील निदान एकाने पूजेस जावे.

“बिबवेवाडीहून पहाटे यायचे म्हणजे दुकान उघडायला उशीर होईल,” एकजण कुरकुरला.

“ते दादा नदी ओलांडून येतात,” सकाळी प्रश्न विचारणारी गृहिणी म्हणाली, “आमचे पहिले तीन दिवस लिहा, बाबूजी.”

रात्री दहाला दिवे मालवले, तेव्हा वहीत सव्वीस दिवस भरले होते. उरलेले चार दिवस पालिताण्याच्या वाटेवर बसमध्ये भरायचे ठरले.