सोळा ठिपक्यांमागे एक भागाकार

पडद्यावरचा एकेक ठिपका मेमरीत कुठे राहतो हे ठाऊक असलेला आमच्या गोतावळ्यातला एकमेव माणूस म्हणजे माझा मामेभाऊ. गेल्या पावसाळ्यात दादा गेला.

नव्वदच्या दशकात इंजिनिअरिंगला असताना तो रात्र रात्र टर्बो सी उघडून बसायचा. कॉलेजात तयार फंक्शनं वापरून वर्तुळं काढायला शिकवत. दादाचा जीव मात्र व्हीजीएच्या एकाच मोडवर: ३२० गुणिले २०० ठिपके, २५६ रंग, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट. सगळे मिळून ६४,००० बाइट. डॉसच्या एका सेगमेंटमध्ये अख्खा पडदा मावायचा. "पत्ता काढायचा, बाइट लिहायचा. मध्ये कुणी नाही," तो म्हणायचा.

गेम प्रोग्रामर जॉन कारमॅकचं नाव मी प्रथम त्याच्याच तोंडून ऐकलं. १९९० साली पीसीवर मारिओसारखं दृश्य सलग सरकवणं अवघड होतं. दर फ्रेमला सारा पडदा नव्यानं रंगवण्याइतका वेगच त्या यंत्रांना नव्हता. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला नोकरी करणाऱ्या कारमॅकनं ईजीए या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत पडद्याहून मोठं चित्र ठेवलं आणि ते कुठून दाखवायचं, तो पत्ताच बदलत नेला. सरकवण्याचं काम कार्डानं केलं. प्रोग्रामकडे उरले ते फक्त बदललेले चौकोन. रांगोळीचा कोपरा विस्कटला तर तेवढाच भरतात, तसं. त्याच डिसेंबरात 'कमांडर कीन' हा गेम आला.

पण दादाचा खरा लाडका गेम १९९६चा 'क्वेक'. दूर जाणाऱ्या भिंतीवरचे दगड बरोबर आकसायचे तर ठिपक्याठिपक्याला भागाकार हवा, आणि भागाकार पेंटियम प्रोसेसरला फार महाग. कारमॅक आणि त्याचा सहकारी मायकेल अ‍ॅब्रॅश यांनी तो सोळा ठिपक्यांमागे एकदाच केला. मधले ठिपके सरळ रेषेच्या हिशेबानं भरले. शिवाय प्रोसेसरचा एक भाग पुढचा भागाकार करत असतानाच दुसरा भाग आधीचे सोळा ठिपके रंगवत असे. दादा हे दोन्ही हातांनी करून दाखवायचा: डावा भागतोय, उजवा रंगवतोय.

वर्षभरातच व्हूडू ग्राफिक्स कार्डांनी ते सारं काम स्वतःकडे घेतलं. चित्रं देखणी झाली, वेग वाढला. दादाही बँकांची सॉफ्टवेअर लिहू लागला. पुढे ठिपक्यांबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आजारपणात एकदा त्यानं तोच भागाकार मला पुन्हा समजावला. मला तो पाठ होता; तरी मी शेवटपर्यंत ऐकला.

'क्वेक'चा सोर्स कोड १९९९ साली खुला झाला. सोळा ठिपक्यांचं ते असेंब्ली आजही त्यात आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींनो, ते एकदा उघडा आणि ओळ न् ओळ वाचा. शेजारी समजावणारं कुणी असेल, तर त्याला आजच विचारा.