घरापुरते नाव

आमच्या घरातल्या यंत्रांना नावे देण्याची वेळ आली ती प्रिंटरमुळे. घरात दोन लॅपटॉप, मुलीचा एक संगणक, प्रिंटर आणि अभ्यासिकेतल्या कपाटावर ठेवलेली एक डबी, एवढा संसार आहे. डबी म्हणजे तळहातावर मावेल एवढा संगणकच; तिच्यात माझी अध्यापनाची टिपणे, स्कॅन केलेले जुने मासिकांचे अंक आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध साठवलेले आहेत. घरातला राउटर या प्रत्येकाला एक क्रमांक देतो, १९२.१६८.१.७ अशासारखा. वीज गेली आणि परत आली, की हे क्रमांक कधीकधी बदलतात. काल ज्या क्रमांकावर प्रिंटर होता तिथे आज मुलीचा भ्रमणध्वनी असतो आणि माझी प्रश्नपत्रिका छापली जात नाही. माणसांना क्रमांकांनी ओळखणे मला कधी जमले नाही. यंत्रांच्या बाबतीतही जमेना.

या क्रमांकांची एक गंमत मुलीने सांगितली. ते आमच्या घराचे नाहीतच. शेजाऱ्यांच्या घरातही १९२.१६८.१.७ असू शकतो, आणि जगातल्या असंख्य घरांत तो या क्षणी असेलही. १९९६ साली आंतरजालाचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी क्रमांकांचे तीन पट्टे बाजूला काढून ठेवले आणि जाहीर केले, की हे सार्वजनिक जालावर कोणालाही दिले जाणार नाहीत. ज्याने त्याने ते आपापल्या भिंतींच्या आत खुशाल वापरावेत. प्रत्येक गावात एक मारुतीचे देऊळ असते आणि 'देवळामागचे घर' म्हटले की त्या त्या गावापुरता पत्ता पुरा होतो, तसे हे. नावांसाठी मात्र अशी सोय त्या वेळी झाली नाही. तसे का झाले, आणि त्याने काय बिघडले, हे कळायला मला काही वर्षे लागली.

आरंभी जालावरच्या यंत्रांची सगळी नावे एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती यादी ठेवली जाई आणि इतर सर्व ठिकाणी तिची नक्कल उतरवून घेतली जाई. यंत्रे वाढली तशी यादी आवरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नव्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. तिच्यात एकच एक यादी नसते. प्रत्येक नाव ठिपक्यांनी तोडलेले असते आणि प्रत्येक तुकड्याची जबाबदारी वेगळ्याकडे असते. डावीकडे सर्वांत जवळचे, उजवीकडे सर्वांत व्यापक. मराठी माणसाला ही रचना शिकवावी लागत नाही. स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. आणि आडनावाच्या शेवटी 'कर' असेल तर गावसुद्धा. आपण कोणाच्या अधिकाराखाली मोडतो, हे आपण नाव सांगता सांगताच सांगून टाकतो.

तर यंत्रांना नावे द्यायची होती. या विषयावर १९९० साली डॉन लिबेस यांनी लिहिलेले एक टिपण आजही वाचण्याजोगे आहे. यंत्राला स्वतःचे नाव देऊ नका, ते ज्या कामाला जुंपले असेल त्या कामाचे नाव देऊ नका, कारण काम बदलते आणि नाव मागे उरते, असा त्यांचा सल्ला. मी तो ऐकला नाही. डबीला 'पुस्तके' म्हटले, प्रिंटरला 'टंक'. ही झाली पहिली नावे. पण व्यवस्थेला उजवीकडचे नावही लागते, म्हणजे यंत्रांचे आडनाव. 'घर' लिहावे असे पहिल्यांदा मनात आले, पण ते फारच सपक वाटले. थोडा विचार करून मी रोमन लिपीत लिहिले: 'गोदू'. 'पुस्तके.गोदू', 'टंक.गोदू'.

गोदू कोण, ते सांगायला हवे. माझी आई माहेरची गोदावरी. लग्नानंतर सासरच्या उंबरठ्याच्या आत तांदळाने भरलेले तबक समोर आले, अंगठीने त्यात 'सुमती' हे अक्षर उमटले, आणि त्या दिवसापासून गोदावरी हे नाव आमच्या घरात उच्चारले गेले नाही. शिधापत्रिकेवर सुमती, बँकेत सुमती, हळदीकुंकवाला सुमती. फक्त नाशिकचा मामा आला की दारातूनच हाक मारी, "गोदू, चहा टाक गं." लहानपणी मला वाटे, गोदू ही आणखी कोणी बाई असावी आणि मामा आला की ती आमच्या स्वयंपाकघरात प्रकट होत असावी, कारण त्या दिवशी आईचा आवाज बदलत असे. मामा गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. ते नाव हाकेत राहिले नाही, म्हणून यंत्रांत तरी राहावे, असे मला वाटले. आईला मी हे सांगितले नाही. घरात तिच्याखेरीज ते नाव जाणणारा मीच, मग आणखी कोणाला कशाला कळेल, असाही एक हिशेब होता.

चारेक वर्षे सगळे सुरळीत चालले. मग एका चर्चासत्रासाठी नागपूरला गेलो. अतिथिगृहात लॅपटॉप उघडला, तिथल्या वायफायला जोडला, आणि पडद्यावर सूचना आली, की 'पुस्तके.गोदू' सापडत नाही. त्यात नवल नव्हते. डबी घरी कपाटावर होती. रात्री मुलीला दूरध्वनीवर सहज म्हणालो, "तुझी ती डबी इथे मिळत नाही म्हणतो." ती हसली आणि म्हणाली, "बाबा, नाही मिळाली हे ठीक आहे. पण ती त्याने कोणाला विचारली असेल?"

मग तिने समजावले. घरी असताना लॅपटॉप हा प्रश्न आमच्या राउटरला विचारतो आणि उत्तर घरातच मिळते. बाहेर गेल्यावर तो तिथल्या नावे शोधणाऱ्या यंत्राला विचारतो. त्या यंत्राला 'गोदू' ठाऊक नसते, म्हणून ते थेट मुळाशी जाते. साऱ्या नावांच्या मुळाशी तेरा नावांनी ओळखली जाणारी सेवायंत्रे आहेत आणि त्यांच्या प्रती जगभर शेकडो ठिकाणी ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी कुठले तरी एक यंत्र उत्तर देते: असे नाव नाही. म्हणजे जे नाव मी आईसमोरही उच्चारले नव्हते, ते माझा लॅपटॉप जिथे जाईल तिथे परक्यांना विचारत होता, आणि जग त्याला दर वेळी सांगत होते, की गोदू नावाचे कोणी नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण मी बेचैन झालो हे खरे. मुलीची काळजी वेगळीच होती. "आज 'नाही' असं उत्तर येतंय," ती म्हणाली, "उद्या कोणी ते नाव विकत घेतलं तर 'हो' असं येईल. मग तुमचा लॅपटॉप त्या परक्याच्या दारात जाऊन तुमची टिपणं मागेल, आणि स्वतःची ओळखही देऊन बसेल."

घरी परतल्यावर या विषयावर जे मिळाले ते वाचले, आणि कळले, की मी केलेली चूक फार मोठ्या मंडळींनीही केली आहे. आज्ञावली लिहिणारे असंख्य लोक आपल्या टेबलावरच्या प्रयोगांसाठी '.डेव्ह' हे शेवटचे पद वापरत. ते कोणाचे नव्हते, म्हणून आपले. पुढे ते पद गूगलच्या ताब्यात गेले. २०१७ च्या अखेरीस क्रोम न्याहाळकाने त्याला सुरक्षित जोडणीची सक्ती केली आणि अनेकांची घरगुती पाने एका सकाळी उघडेनाशी झाली. २०१९ मध्ये ती नावे सर्वांसाठी विक्रीला आली. '.लोकल' दिसायला सोज्ज्वळ, पण २०१३ पासून ते अधिकृतपणे दुसऱ्याच पद्धतीसाठी राखलेले आहे. त्या पद्धतीत यादी ठेवणारा कोणी नसतो, खोलीतले प्रत्येक यंत्र आपले नाव आपणच पुकारते. २०१२ साली नव्या शेवटच्या पदांसाठी अर्ज मागवले गेले तेव्हा १,९३० अर्ज आले. त्यांत '.होम', '.कॉर्प' आणि '.मेल' यांसाठीही होते. तपासणीत दिसले, की ही पदे अस्तित्वातच नसताना त्यांची विचारणा मुळापाशी प्रचंड प्रमाणात येत होती. घराघरांतून आणि कचेऱ्यांतून, आपली खाजगी समजलेली नावे लोक नकळत बाहेर पाठवत होते. अखेर २०१८ साली नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ही तीन पदे कोणालाही न देण्याचा निर्णय घेतला.

इथे मला माझ्या समजुतीतली खोट दिसली. एखादे नाव आपण बाहेर सांगत नाही म्हणून ते खाजगी ठरते, असे मी धरून चाललो होतो. पण न सांगणे हे फार दुबळे कुंपण आहे. एके काळी बँका ओळख पटवण्यासाठी आईचे माहेरचे आडनाव विचारत; जणू ते गुपितच होते. प्रत्यक्षात ते अर्ध्या गावाला माहीत असे. नाव खाजगी होते ते तेव्हा, जेव्हा बाहेरचे जग उघडपणे कबूल करते, की हे नाव आम्ही घेणार नाही, कोणाला देणार नाही आणि त्यावर हक्क सांगणार नाही. क्रमांकांच्या बाबतीत जगाने हा शब्द १९९६ सालीच दिला होता. नावांच्या बाबतीत १९९९ साली चाचण्यांसाठी आणि उदाहरणांसाठी चार पदे राखली गेली, पण घरासाठी काही नव्हते. २०१८ साली घरगुती जाळ्यांसाठी 'होम.अर्पा' राखले गेले, आणि जुलै २०२४ मध्ये आयकॅनने '.इंटर्नल' हे पद खाजगी वापरासाठी कायमचे बाजूला काढले. खाजगीपणा हा अशा रीतीने एक सार्वजनिक करार आहे. भिंत आपण बांधतो, पण ती भिंत आहे हे पलीकडच्याने मानावे लागते.

आता माझ्यापुढे तीन वाटा होत्या. दरवर्षी पैसे भरून एखादे खरे नाव घ्यायचे आणि त्याच्या पोटात घरातली नावे ठेवायची. हा मार्ग सर्वांत भक्कम, पण एका वर्षी पैसे भरायचे राहिले तर नाव दुसऱ्याचे. 'होम.अर्पा' घ्यायचे, तर आपल्या घराच्या टोकाला अमेरिकी संरक्षण खात्याच्या जुन्या संशोधन जाळ्याची खूण कायमची लटकणार. उरले '.इंटर्नल'. आतले, अंतर्गत. ते मला पटले. 'गोदू.इंटर्नल' असे लिहून पाहिले. आता ते नाव कोणी विकत घेऊ शकणार नव्हते.

पण या वेळी, कराराची गोष्ट एवढी पटलेली असताना, जिचे नाव होते तिला विचारल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटेना. आईने आता ८५ ओलांडली आहे. ऐकू कमी येते, समजते सगळे. मी तिला डबी दाखवली, नाव कशाला लागते ते सांगितले, आणि गेली चार वर्षे तिला काय नाव आहे तेही सांगितले. ती बराच वेळ डबीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा गेल्यापासून मला त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. आणि तू ते डब्याला दिलंस?"

तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. मी नाव जपत होतो असे मला वाटत होते. पण पूर्वी तांदळाच्या तबकापुढे झाले होते तेच, थोड्या प्रेमळ हेतूने, मीही केले होते: तिचे नाव कशाला लावायचे आणि कशाला नाही, हे तिला न विचारता ठरवले होते. बाहेरच्या जगाकडून करार मागणाऱ्या मला घरातला करार मात्र आठवला नव्हता.

यंत्रांचे आडनाव आता 'माजघर.इंटर्नल' आहे. वाड्यात परका माणूस ओसरीवर थांबे आणि माजघरात जात नसे, त्या अर्थाने ते बरोबर आहे. माजघरात किती बायकांची किती नावे विझली हेही त्या शब्दात येते; तेही असू द्यावे. हे सगळे बोलणे चालू असताना मुलगी दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, "गोदूआजी, चहा झाला." आई ऐकू येत नसल्यासारखी क्षणभर बसून राहिली, आणि मग म्हणाली, "आले."

नाव बदलणे मात्र वाटते तितके सोपे नसते. लॅपटॉपच्या कुठल्या तरी विसरलेल्या कप्प्यात जुने नाव अजून आहे. राउटरच्या नोंदवहीत अधूनमधून एक ओळ दिसते: 'पुस्तके.गोदू' कुठे आहे? मुलीने राउटरला सांगून ठेवले आहे, की या प्रश्नाचे उत्तर इथेच द्यायचे, पुढे पाठवायचे नाही. लॅपटॉप घराबाहेर नेण्याआधी तो कप्पा मला शोधून काढावा लागेल.