शेजारची सीट रिकामी होते तेव्हा

आमच्या लहानपणी सातारा-सांगलीकडे विमान ही निवडणुकीच्या दिवसांत दिसणारी गोष्ट होती. कराडच्या धावपट्टीवर कुणी मंत्री उतरायचे, वारुंजी-मुंढ्याची पोरं कुंपणापाशी गोळा व्हायची आणि विमान पुन्हा उडून ठिपक्याएवढं झालं तरी तिथून हलायची नाहीत. सांगलीकरांची धावपट्टी कवलापूरला. तिथं विमानतळ व्हावा ही मागणी आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत, आजही ऐकतो आहोत.

त्यामुळे ज्याला विमान चालवायला शिकायचं असेल त्याला जिल्हा सोडावाच लागे. कोणी जुहूला जाई, 1928 साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात. कोणी नागपूरला, तर कोणी मिरजेहून मीटरगेजच्या गाडीत बसून बंगळूरच्या जक्कूरला. साताऱ्याची सैनिक शाळा म्हणजे देशातली पहिली, 1961 ची. तिथली काही मुलं खडकवासल्याच्या एनडीएमार्गे हवाई दलात जात. वाटा वेगवेगळ्या होत्या, पण त्या वाटांवर एक दिवस सगळ्यांना सारखाच गाठायचा असे. त्या दिवसाला सगळे सोलो म्हणत, आजही सोलोच म्हणतात.

आता परिस्थिती बदलली आहे. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशी प्रशिक्षणाची ठिकाणं महाराष्ट्रातच उभी राहिली आणि अलीकडे तर कराडच्या धावपट्टीवरही शिकाऊ विमानं घिरट्या घालू लागली. आगाशिवचा डोंगर कुठल्या खिडकीत दिसला म्हणजे वळायचं आणि कृष्णा-कोयनेचा संगम कुठल्या बाजूला ठेवायचा, हे आज इथली मुलं शिकतात. हे आमच्या वेळी असतं तर, हा विचार मनात येतोच. जिल्ह्यातलं आभाळ जिल्ह्यातल्या पोरांना मिळालं याचा आनंद मोठा आहे. पुढे जे लिहितो आहे ते हा आनंद धरूनच लिहितो आहे.

सोलो बाहेरून पाहिला तर फार साधा असतो. धावपट्टीवरून उडायचं, साधारण हजार फूट उंची घ्यायची, धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जायचं, दोनदा वळून पुन्हा समोर यायचं आणि उतरायचं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. हेच सर्किट विद्यार्थी आधी पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत मारत आलेला असतो. त्या दिवशी फरक एकच असतो. शेजारी कोणी नसतं.

आम्हाला हा दिवस आधी कळत नसे. सकाळी नेहमीसारखी दोन-तीन सर्किटं व्हायची, नेहमीसारखं ओरडून घ्यावं लागायचं आणि मग उतरल्यावर इन्स्ट्रक्टर धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगायचे. इंजिन चालूच. ते दार उघडून खाली उतरायचे, पुन्हा आत वाकायचे आणि आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट ओढून बांधायचे. सुटा पट्टा उड्डाणात कंट्रोलमध्ये अडकला तर घात होतो, म्हणून तो बांधायचा असतो. त्यासाठी अर्धं मिनिट पुरतं. पण एरवी शिव्यांशिवाय न बोलणारा, बहुधा हवाई दलातून निवृत्त झालेला तो माणूस ते काम इतक्या सावकाश करायचा, बकल दोनदा ओढून बघायचा, की आपल्याला एकट्याला पाठवणार आहेत हे शब्दांच्या आधी त्या हातांवरून कळायचं. मग पंख्याच्या वाऱ्यात, इंजिनाच्या वर आवाज चढवून एवढंच यायचं: "एक सर्किट. मी इथंच आहे." दार बंद.

आताच्या मुलांना तारीख आधी कळते. सोलोपूर्वीची चाचणी दुसरे प्रशिक्षक घेतात, कागद पूर्ण होतात, वाऱ्याची मर्यादा ठरलेली असते आणि ती ओलांडली तर सोलो उद्यावर जातो. आदल्या रात्री मुलं त्याच धावपट्टीवरचे, कॉकपिटमधून काढलेले व्हिडिओ पाहून झोपतात. काहींनी घरच्या संगणकावर ते सर्किट आधीच असंख्य वेळा पूर्ण केलेलं असतं. रिकाम्या सीटचा पट्टा बांधणं ही चेकलिस्टमधली एक ओळ आहे आणि ती मुलं चोख पाळतात. आमच्या वेळच्यापेक्षा ही पद्धत नि:संशय चांगली आहे. सकाळी उठल्यावर ज्याला आज काय घडणार आहे हे ठाऊक असतं, त्याची तयारी अधिक पक्की असते.

तरी इन्स्ट्रक्टरनी बांधलेला तो पट्टा आठवतो. त्या बांधण्यात त्यांची काळजी होती आणि ती दाखवायची दुसरी कुठलीच रीत त्यांना येत नव्हती.

पुष्पक नावाचं विमान तेव्हा देशभरच्या क्लबांत होतं. हिंदुस्तान एअरक्राफ्टनं बंगळूरला बनवलेलं, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, दोन माणसांचं, कापडानं मढवलेलं, नव्वद अश्वशक्तीचं. त्या कारखान्याच्या आराखड्यांमागे डॉ. विष्णू माधव घाटगे होते, आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. 1951 साली उडालेलं एचटी-2 हे त्यांचंच. हवाई दलातल्या वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या डोक्यातून निघालेल्या विमानावर देश उडायला शिकला. ही गोष्ट आमच्याकडच्या शाळांत मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे.

पुष्पकचं सगळं मिळून वजन सहाशे किलोच्या आसपास. त्यातून पंचाहत्तर किलोचा माणूस उतरला की ते विमान वेगळंच वागू लागायचं. नेहमीच्या जागेच्या कितीतरी आधी चाकं जमीन सोडायची. हजार फूट नेहमीच्या झाडापाशी यायचे, ते त्या दिवशी झाड यायच्या आतच आलेले असायचे. उतरताना तर ते खाली बसायलाच तयार नसायचं, धावपट्टीवर तरंगत राहायचं. हे वर्गात सांगितलेलं असायचं, पण अंगाला कळायचं ते तेव्हाच. आजचं सेसना 172 जवळजवळ दुप्पट वजनाचं, म्हणून फरक कमी जाणवतो. पण जाणवतो, असं मुलं सांगतात. आणि ते सांगताना त्यांचा चेहरा आमच्यासारखाच होतो.

इंजिन सुरू करायला कोणीतरी पुढे उभं राहून पंखा हातानं फिरवायचं. आतून "स्विच ऑफ", बाहेरून "स्विच ऑफ". मग आतून "काँटॅक्ट", बाहेरून "काँटॅक्ट". एकानं बोललेलं दुसऱ्यानं मोठ्यानं परत बोलायचं, कारण चूक झाली तर हात जायचा. आता किल्ली फिरवली की इंजिन सुरू. हात सुरक्षित राहिले, हे फार बरं झालं. फक्त विमानाशी दोन माणसांनी मिळून बोलायची ती सकाळची चार वाक्यं गेली.

क्लबांतल्या अनेक विमानांत रेडिओ नसायचा. टॉवरवरून दिवा दाखवायचे. आकाशात असताना स्थिर हिरवा दिसला तर उतरायला मोकळीक. स्थिर लाल दिसला तर दुसऱ्याला वाट द्या, फिरत राहा. म्हणून शेवटच्या वळणावर मान वळवून तो दिवा शोधायचा. खाली वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघायची, कुठं धूर दिसला तर तोही बघायचा. बाकी इंजिनाची घरघर आणि पंखांच्या काठ्यांवरून जाणारा वारा, एवढाच आवाज. ती सहा मिनिटं आपल्याशी बोलायला जगात कोणी नसायचं.

आता कानावर हेडसेट असतो. टॉवर बोलतो, सर्किटमधली दुसरी विमानं बोलतात, खाली प्रशिक्षक हातात वॉकीटॉकी घेऊन उभे असतात आणि गरज पडली तर "अजून थोडी पॉवर ठेव" असं शांतपणे सांगतात. समोरच्या पडद्यावर वेग, उंची, दिशा, नकाशा सगळं एकत्र दिसतं. धावपट्टीवर कुत्रं आलं तर क्षणात सांगितलं जातं. आमच्या वेळी कुत्रं, गाई आणि सायकलवाले आपल्यालाच दिसायला हवेत, नाहीतर नाही. सूर्य समोर असला तर तो लाल दिवा दिसायचाही नाही. मुलाचा जीव महत्त्वाचा मानला तर रेडिओच्या बाजूनंच मत द्यायला हवं, आणि मी देतो.

आठवणींवर फार विश्वास ठेवू नये, याचं एक कारण इथं सांगायला हवं. आपला सोलो आनंदानं आठवणारे आम्ही सगळे सुखरूप उतरलेले आहोत. जे उतरले नाहीत त्यांच्या आठवणी कुठं छापून येत नाहीत. हवाई दलातल्या एचपीटी-32 या प्रशिक्षण विमानाचं इंजिन हवेत बंद पडे. त्यावर शिकणारे आणि शिकवणारे दोघंही वर्षानुवर्षं जीव गमावत राहिले आणि 2009 साली अखेर ती विमानं उडवणं थांबवलं. मग त्यांच्या जागी पिलाटस विमान आलं. क्लबांतही पेट्रोल किती उरलं हे काट्यापेक्षा घड्याळावरून ओळखण्याची सवय होती. गुंडाळलेला नकाशा डोक्यात घालणं हा शिकवण्याचा भाग मानला जाई, आणि त्या माराला घाबरून चांगली मुलं हे क्षेत्र सोडून गेली. ज्यांचे पैसे मध्येच संपले तीही गेली. त्यांना विचारलं तर ते जुन्या दिवसांबद्दल वेगळंच सांगतील.

आणि मुली? आमच्या वेळी वर्गात एखादी मुलगी असली तर ती का आली आहे याचीच चर्चा अधिक. 1985 साली सौदामिनी देशमुख यांनी फोकर फ्रेंडशिप विमान चालवलं, संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांसह, तेव्हा वर्तमानपत्रांत ती मोठी बातमी झाली. आज तासगावच्या द्राक्षबागायतदाराची किंवा वाईच्या शिक्षकाची मुलगी वैमानिक व्हायला निघाली तर गावात कौतुक होतं, आश्चर्य होत नाही. महिला वैमानिकांच्या प्रमाणात भारत आज जगाच्या बराच पुढे आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी जुने दिवस हसत सोडून देईन. मात्र खर्चाच्या बाबतीत नवे दिवस निष्ठुर आहेत. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं आणि ते पुरं होईपर्यंत पन्नास लाखांच्या आसपास, कधी त्याहून जास्त जातात. तेव्हा सरकारी अनुदानावर शिकलेले शेतकऱ्यांचे मुलगे होते. आता त्याच घरांत जमीन गहाण पडते.

सोलो झाल्यावर लॉगबुकात शाईनं नोंद व्हायची. खाडाखोड चालत नसे, म्हणून आधी कच्च्या कागदावर लिहून बघायचं. मग पोस्टात जाऊन घरी तार. शब्दांचे पैसे पडत, म्हणून नाव आणि दोन शब्द: सोलो झाला. ती तार गावात दुसऱ्या दिवशी पोचायची. तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, अशीच समजूत असल्यानं घरात आधी रडारड व्हायची आणि वाचल्यावर हसू. मग वडील साताऱ्याच्या राजवाड्याजवळून कंदी पेढे आणून गल्लीत वाटायचे, आणि सोलो म्हणजे नेमकं काय हे त्यांना सांगता यायचं नाही. सविस्तर पत्र चार दिवसांनी पोचायचं. देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली.

आता आई-वडील कुंपणापाशीच उभे असतात. विमान थांबायच्या आत चित्रफीत कुटुंबाच्या ग्रुपवर पोचते, सांगलीची आत्या आणि न्यू जर्सीचा मामा एकाच मिनिटाला अंगठा दाखवतात. उतरलेल्या मुलावर मित्र बादलीभर पाणी ओततात, केक कापला जातो. पेढे आहेत अजून, साताऱ्याचेच. लॉगबुक आहे, पण तासांची नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) संकेतस्थळावरही चढते. आई-वडिलांना तो क्षण डोळ्यांनी बघायला मिळतो, आमच्या आई-वडिलांना तो कधीच मिळाला नाही. माझ्या आईनं विमान जवळून पाहिलं तेव्हा माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं उलटली होती.

पण एक गोष्ट गेली, आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी काही तास फक्त आपल्याजवळ असायची. उतरून, विमान बांधून, तार करून झाल्यावर संध्याकाळपर्यंत अनोळखी शहरात एकट्यानं हिंडायचं, आणि रस्त्यातल्या कुणालाही ते ठाऊक नसायचं. जे एकटेपण हवेत सहा मिनिटं होतं तेच मग जमिनीवर दिवसभर चालायचं. आपण हे एकट्यानं केलं, ही खात्री त्या दिवसभरात मुरायची. आज ती मुरायच्या आत शंभर माणसांचं कौतुक येऊन पडतं. मुलाला स्वतःला काय वाटलं हे समजायच्या आधीच त्याला सगळ्यांचे आभार मानावे लागतात.

रेडिओ काढून टाका, असं मी म्हणत नाही. कापडी विमानं आणि नकाशाचा मार तर परत नकोच. कराडच्या प्रशिक्षकांना मात्र सांगावंसं वाटतं की चेकलिस्टमध्ये असला तरी रिकाम्या सीटचा पट्टा तुम्ही स्वतःच्या हातानं बांधा. आणि ज्यांच्या मुलाचा किंवा मुलीचा सोलो येत्या आठवड्यात आहे त्या आई-वडिलांना एक विनंती आहे. त्या दिवशी धावपट्टीवर जाऊ नका. घरीच थांबा, पेढे आणून ठेवा, आणि फोन त्याला किंवा तिला करू द्या.